मूठ की पसा? काजू आणि खाऱ्या दाण्यांचं प्रमाण घरी कसं बांधायचं

"रोज मूठभर सुकामेवा खावा" हा सल्ला आता घरोघरी पोचला आहे. लोक तो मनापासून पाळतातही. चूक होते ती मूठ मोजण्यात. मूठ मिटलेली असते आणि पसा उघडा. आपण नाव मुठीचं घेतो आणि डब्यात हात घालून काढतो तो वर शीग आलेला पसा. तोही एकदा नाही, टीव्हीवरचा कार्यक्रम संपेपर्यंत तीन-चारदा. महिनाभराने वजन वाढलेलं दिसलं की दोष पोळीला आणि भाताला जातो, कारण काजू "पौष्टिक" म्हणून हिशेबात धरलेलाच नसतो.

प्रमाण खाताना सांभाळता येत नाही. डबा समोर उघडा आहे आणि आपण मनाला आवर घालतोय, हा प्रकार दोन दिवसांपलीकडे टिकलेला मी पाहिलेला नाही. म्हणून खालच्या टप्प्यांतलं बहुतेक काम खाण्याच्या आधीचं आहे. क्रम बदलू नका. बहुतेकांचं बिनसतं ते पहिला टप्पा गाळून थेट चौथ्यावर उडी मारल्यामुळे.

## आधी एवढं समजून घ्या: काजू हाताबाहेर का जातो

काजूचं कवच आपल्याला घरी कधी फोडावं लागत नाही. त्या कवचात कातडी भाजेल असं तेल असतं, म्हणून ते कारखान्यातच काढून टाकतात. मग आतली तांबूस सालही निघते. आपल्या हातात पडतो तो पूर्ण सोललेला, मऊ, गोडसर गर. फोडायचं काही नाही, सोलायचं नाही, फार चावायचंही नाही. बदाम कठीण असतो, दाताला काम देतो. अक्रोडाच्या सालीला तुरटपणा असतो, सात-आठ पाकळ्यांनंतर जीभच नको म्हणते. काजूच्या वाटेत असा एकही अडसर नाही.

खाऱ्या दाण्यांचं कारण वेगळं. मीठ, तेल आणि कुरकुरीतपणा एकाच घासात आले की हात आपोआप पुन्हा वाटीकडे जातो. पोट भरल्याची जाणीव व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि वाटीभर दाणे त्याआधीच संपलेले असतात. त्यात मसाला दाणे, लिंबू-मिरीचे काजू, शेव असं चार चवींचं एकत्र असेल तर एका चवीचा कंटाळा येण्याआधीच दुसरी पुढे येते.

कवचाचा परिणाम किती, हे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात नीट दिसलं. काहींना कवचासकट पिस्ते दिले, काहींना सोललेले. कवचवाल्यांनी सरासरी १२५ कॅलरींचे पिस्ते खाल्ले, सोललेले मिळालेल्यांनी २११ कॅलरींचे. समाधान मात्र दोघांचं जवळपास सारखंच होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, खरेदीच्या टप्प्यात तिचा उपयोग आहे.

आकडे थोडक्यात: १०० ग्रॅम काजू, शेंगदाणे, बदाम किंवा पिस्ते यांत ५५० ते ५८० कॅलरी असतात. अक्रोडात साधारण ६५०. म्हणजे ३० ग्रॅमला १७० च्या आसपास, अक्रोडाला १९५. यापुढे जिथे "एक वाटा" असं लिहिलंय तिथे ३० ग्रॅम समजा. मोठ्या माणसाचा दिवसाचा हा एकूण वाटा आहे. काजूचा वेगळा, बदामाचा वेगळा आणि दाण्यांचा वेगळा असा नाही.

## टप्पा १: एक संध्याकाळ तोलण्यासाठी ठेवा

लागणारं सामान: एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला छोटा काटा, तुमच्या रोजच्या वापरातली वाटी, पोह्याचा चमचा, कागद-पेन.

१. रिकामी वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा.

२. आता नेहमी घेता तसे दाणे किंवा काजू हाताने वाटीत घ्या. विचार करून कमी घेऊ नका. वजन लिहून ठेवा. हे आधीच करायचं, कारण ३० ग्रॅम कसे दिसतात हे एकदा कळलं की हात सावध होतो आणि खरा आकडा पुन्हा मिळत नाही.

३. वाटी रिकामी करून बरोबर ३० ग्रॅम घ्या. थोडा वेळ नुसतं बघा. बहुतेकांना हे फारच थोडं वाटतं. तसंच वाटायला हवं.

४. हेच ३० ग्रॅम पोह्याच्या चमच्याने दुसऱ्या वाटीत काढा आणि चमचे मोजा. साधारण १५ मिलीच्या चमच्यात सपाट भरून ९ ग्रॅमच्या आसपास दाणे बसतात, म्हणजे तीन चमच्यांपेक्षा थोडे जास्त. तुमचा चमचा खोलगट असेल तर अडीच. जो आकडा येईल तो तुमचा. शेजारणीचा आकडा तुमच्या चमच्याला लागू होत नाही.

५. डब्याच्या झाकणावर आतून चिठ्ठी लावा: "दाणे, ३ सपाट चमचे" किंवा जो आकडा आला असेल तो.

काटा नसेल तर विकत आणायची गरज नाही. पाव किलोचं पाकीट आणा, सगळं परातीत ओता आणि त्याचे दोन सारखे ढीग करा. प्रत्येकाचे पुन्हा दोन, आणि पुन्हा दोन. आठ ढीग होतील, प्रत्येक साधारण ३१ ग्रॅमचा. नजरेने निम्मं करणं माणसाला चांगलं जमतं, नजरेने आठवा भाग काढणं जमत नाही. म्हणून एकदम आठ ढीग करायला जाऊ नका.

तपासा: साधारण १५० मिलीच्या वाटीत काठापर्यंत ९० ग्रॅम दाणे मावतात. म्हणजे तीन वाटे, ५०० कॅलरी, चार-पाच पोळ्यांइतकी ऊर्जा. तुमच्या घरी "वाटीभर दाणे" असा शब्दप्रयोग चालत असेल तर तो आजपासून बंद करा.

### मोजून खायचं म्हणणाऱ्यांसाठी

"मी दहाच काजू खातो" हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. प्रश्न असा की कोणते दहा? काजूची प्रतवारी आकारावरून होते आणि तिचा आकडा म्हणजे एका पौंडात बसणारे काजू. पाकिटावर डब्ल्यू ३२० असेल तर पौंडाला, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅमला, ३०० ते ३२० काजू. असा एक काजू दीड ग्रॅमच्या आतबाहेर, ३० ग्रॅमला वीस. डब्ल्यू २४० असेल तर ३० ग्रॅमला पंधरा. डब्ल्यू १८० चे टपोरे काजू असतील तर अकरा-बारातच वाटा संपतो. दिवाळीच्या भेटीच्या डब्यात बऱ्याचदा हेच टपोरे असतात आणि आपण मात्र नेहमीचे वीस मोजतो.

पाकळी काजूत दोन पाकळ्यांचा एक काजू धरायचा. तुकडा काजू मोजण्याच्या फंदात पडूच नका, तो चमच्यानेच घ्या. बदाम ३० ग्रॅमला पंचवीसच्या आसपास, सोललेले पिस्ते पन्नास, अक्रोडाच्या पाकळ्या (अर्धा गर म्हणजे एक पाकळी) चौदा-पंधरा.

## टप्पा २: खरेदीतच अर्धी लढाई

पाकीट पाव किलोचं आणा. किलोचा भाव स्वस्त पडतो हे खरं, पण किलोचा डबा घरात असला की प्रत्येक जण मोठा पसा घेतो, कारण तळ दिसत नसतो. अमेरिकेत राहणारे नातेवाईक घाऊक दुकानातून किलोभर खारे काजू आणतात तेव्हाही हेच होतं. मोठं पाकीट आलंच, गावाहून कुणी आणून दिलंच, तर ते घरी आल्या दिवशीच टप्पा ४ प्रमाणे वाटून टाका.

जे सहज संपतं ते सोपं करून आणू नका:

- दाणे हवेत तर भाजलेल्या किंवा उकडलेल्या शेंगा आणा. ३० ग्रॅम दाण्यांसाठी भाजलेल्या शेंगा ४० ते ४५ ग्रॅम लागतात, आणि त्या फोडायला वेळ जातो. तोच वेळ आपल्याला हवाय. उकडलेल्या शेंगांत पाणी असल्याने त्यांना हे वजन लागू नाही.
- पिस्ते कवचासकट. कवचाचं वजन जवळपास निम्मं असतं, म्हणून वाटा ५५ ते ६० ग्रॅमचा.
- काजू कवचात मिळणार नाही, पण कोकणात आणि गोव्यात भाजलेला सालीचा काजू मिळतो. तांबूस, कागदासारखी साल बोटांनी सोलावी लागते आणि ती किंचित तुरट असते. माझ्या मते घरात काजू ठेवायचाच असेल तर हाच ठेवावा. पांढऱ्या खाऱ्या काजूपेक्षा तो सावकाश खाल्ला जातो हे आमच्या घरी दरवर्षी दिसतं.

पाकिटामागचा तक्ता वाचताना "प्रति १०० ग्रॅम" कुठे लिहिलंय आणि "प्रति सर्व्हिंग" कुठे, ते आधी बघा. २०० ग्रॅमच्या पाकिटावर एका सर्व्हिंगचा १७० हा आकडा पाहून अख्ख्या पाकिटात तेवढ्याच कॅलरी आहेत असं समजणारे लोक मला भेटलेत. बेसनाचं आवरण असलेले मसाला दाणे तळलेले असतात, त्यांत तेल आणि मीठ दोन्ही वरून आलेलं असतं.

सावधान: कुबट वास, जिभेला कडवट चव, काळपट किंवा बुरशी आलेले दाणे असतील तर निवडून उरलेले वापरू नका, सगळंच टाका. शेंगदाण्यावरच्या बुरशीतलं विष भाजल्याने पूर्ण जात नाही.

## टप्पा ३: भाजताना होणारी गळती

घरी दाणे भाजणं उत्तम, मीठ-तेल आपल्या हातात राहतं. पण भाजणाऱ्याच्या पोटात किती जातं ते कोणी मोजत नाही. "झाले का बघू" म्हणून चार, "थोडे कच्चे वाटतात" म्हणून आठ, मग सालं पाखडताना पुन्हा.

क्रम असा ठेवा. जाड बुडाची कढई आधी गरम करा. दाणे घालून आच मंद ते मध्यम ठेवा आणि सतत हलवत राहा. पाव किलोला दहा-बारा मिनिटं लागतात. सालीवर डाग पडू लागले आणि तडतड आवाज कमी झाला की गॅस बंद. चव बघायला एकच दाणा बाजूला काढा आणि तो गार झाल्यावर खा. गरम दाणा मऊच लागतो, त्यामुळे तो कच्चा वाटतो आणि आपण आणखी भाजतो, आणखी चाखतो. कढई तापलेली असते, दाणे लगेच ताटात काढा, नाहीतर खालचे करपतात.

खायच्या दाण्यांची सालं काढू नका. ती फक्त कुटासाठीच्या दाण्यांची काढा. साल असली की दाणा थोडा तुरट लागतो, आणि एकेक सोलत बसलात तर आणखी चांगलं. मीठ लावायचं असेल तर सगळ्यांना लावू नका, खायच्या वेळी वाट्यापुरतं शिंपडा.

तपासा: पूर्ण गार झाल्याशिवाय डबीत भरू नका. आत वाफ धरली की दाणे मऊ पडतात.

## टप्पा ४: त्याच दिवशी वाटे पाडा

मोठ्या बरणीतून रोज ३० ग्रॅम काढून घेईन, हा विचार चांगला आहे पण चालत नाही. रोज बरणी उघडणं म्हणजे रोज नव्याने स्वतःशी भांडण. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा बरणी उघडा.

सात छोट्या डब्या घ्या. प्रत्येकीत एक वाटा. मिश्रण हवं असेल तर ते याच वेळी, आणि ३० ग्रॅममध्येच: उदाहरणार्थ १० ग्रॅम काजू, १० बदाम, १० अक्रोड. मनुका आणि खजूर यांत मिसळू नका. गोड आणि खारं एकत्र आलं की संपण्याचा वेग वाढतो, हे चिवड्यात मनुका शोधत बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. मनुका हव्या तर वेगळ्या, जेवणानंतर.

डब्या भरून झाल्यावर उरलेला साठा हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये, मागच्या बाजूला. तिथे तेल लवकर खवट होत नाही आणि येता-जाता दिसतही नाही. काचेची बरणी जेवणाच्या टेबलावर ठेवू नका. ती सजावट म्हणून छान दिसते, पण ज्या घरात ती टेबलावर आहे त्या घरात वाटा टिकत नाही.

घरात चार माणसं असतील तर प्रत्येकाच्या डब्या वेगळ्या, नाव लिहून. एकत्र डबीत "कोणी किती खाल्लं" हे ठरवता येत नाही आणि आईने शेवटी उरलेले खायचे, ही पद्धत सुरू होते.

## टप्पा ५: खाणं

वेळ ठरवा. संध्याकाळी पाच-सहाची भूक सगळ्यात धोक्याची. जेवण होऊन चार-पाच तास झालेले असतात आणि अशा वेळी उभ्या उभ्या डबा उघडला जातो. म्हणून क्रम असा: आधी ग्लासभर पाणी किंवा ताक. मग पेरू, काकडी, गाजर, जे असेल ते. मग डबी. नुसत्या रिकाम्या पोटी डबी उघडली तर ती पाच मिनिटांत संपते आणि हात दुसरीकडे जातो.

डबीतले दाणे बशीत ओता. बशीत तळ दिसतो, कमी होत गेलेलं दिसतं. एका वेळी एकच, आणि तोंडातला संपल्याशिवाय दुसरा नाही. शेंगा किंवा पिस्ते असतील तर टरफलं समोरच राहू द्या, उचलू नका. किती खाल्लं हे डोळ्यांना कळत राहतं. टीव्ही, मोबाईल, पत्ते यांच्या सोबतीने खायचं असेल तर डबी संपल्यावर काय, हे आधीच ठरलेलं असू द्या: चहा, किंवा बडीशेप.

डबी संपली आणि अजून हवंसं वाटतंय? वीस मिनिटं थांबा. त्यानंतरही खरी भूक असेल तर जेवणाची वेळ थोडी अलीकडे घ्या. दुसऱ्या दिवसाची डबी उघडू नका.

नेहमीची चूक: जास्त खाल्लं म्हणून रात्रीचं जेवण टाळणं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून भूक लागते आणि पुन्हा पहिला हात दाण्यांच्याच डब्यात जातो. जेवण नेहमीचं घ्या, फक्त त्यातलं कूट आणि खोबरं कमी करा.

## टप्पा ६: जे मोजलंच जात नाही

आपल्या स्वयंपाकात दाणे लपून येतात. कोशिंबिरीत कूट, वांग्याच्या भाजीत कूट, पातळ भाजीत दाणे, चिवड्यात तळलेले दाणे. उपवासाच्या दिवशी तर विचारूच नका: साबुदाण्याच्या खिचडीत कूट, सोबत दाण्याची आमटी, दुपारी दाण्याचा लाडू, संध्याकाळी खारे दाणे. एका दिवसात चार-पाच वाटे सहज होतात आणि आपल्या लेखी आपण उपाशी असतो.

उपाय सोपा आहे. टप्पा १ मध्ये दाणे तोललेत तसं एकदा कूटही तोला. तुमच्या चमच्यात किती ग्रॅम कूट मावतं ते झाकणावर लिहा. मग भाजीत किती चमचे घातले आणि किती जण जेवले, एवढा भागाकार. उपवासाच्या दिवशी डबी उघडायची नाही, त्या दिवसाचा वाटा खिचडीतच गेला असं धरा. दाण्याची आमटी आणि खिचडी एकाच दिवशी करू नका. त्याऐवजी भगरीबरोबर ताक किंवा काकडीची कोशिंबीर.

कुटलेल्या किंवा वाटलेल्या दाण्यांबद्दल एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. अख्खा बदाम आपण कितीही चावला तरी त्याच्या काही पेशी न फुटता पोटातून पुढे जातात, त्यातलं तेल अंगाला लागत नाही. अमेरिकी कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली मोजलं तेव्हा २८ ग्रॅम अख्ख्या बदामांतून सुमारे १७० ऐवजी १२९ कॅलरीच मिळत असल्याचं दिसलं. बारीक वाटलेल्या बदामात ही सूट राहत नाही. म्हणून बदामाची पूड दुधात, काजूची पेस्ट ग्रेव्हीत आणि पीनट बटर ब्रेडवर, हे सगळं पूर्ण वजनाने मोजा. एका माणसाच्या ग्रेव्हीत काजू पाच-सहापेक्षा जास्त नको. मगजबी घालून दाटपणा आणला तर तीही याच वाट्यात धरा.

चिक्कीत दाण्यांच्या जोडीला गूळ असतो. तिला सुकामेव्यात न धरता मिठाईत धरा.

## पाहुणे, प्रवास, ऑफिस

पाहुण्यांसमोर बशी भरून ठेवली की यजमानही खातो. प्रत्येकासाठी छोटी वाटी, त्यात दोन चमचे, एवढंच. गाडीत किंवा ऑफिसच्या खणात पाकीट ठेवू नका, त्या दिवसाची डबी ठेवा. सोबत मद्य असेल तर खारे काजू टाळा आणि त्या जागी काकडी, उकडलेले हरभरे ठेवा. पेला हातात असताना मोजणं कुणालाच जमत नाही.

## कोणी हा वाटा जसाच्या तसा वापरू नये

पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे किंवा काजू देऊ नका, घशात अडकतात. त्यांना बारीक पूड किंवा लाडवातून. दाण्यांची किंवा काजूची ॲलर्जी असेल तर "थोडंसं" हे प्रमाणही नको. मुतखडा होऊन गेलेल्यांनी बदाम-काजू, आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी सगळाच सुकामेवा डॉक्टरांना विचारून ठरवावा. रक्तदाब असेल तर खारे पूर्ण बंद. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे, आणि ती आपल्या लोणची-पापडातच बरीचशी भरलेली असते.

## चार आठवड्यांनी करायची तपासणी

पाकीट उघडलं त्या दिवशी त्यावर तारीख लिहा. संपलं त्या दिवशीही लिहा. एकट्या माणसाला पाव किलो आठ दिवस पुरायला हवं, दोघांना चार. एकट्याचं पाचव्या दिवशीच संपलं असेल तर आधी चमचा तोलून बघा, बहुतेक वेळा तो सपाटाचा शिगेचा झालेला असतो. चमचा बरोबर निघाला तर कुटाचा हिशेब बघा. तोही बरोबर निघाला तर बरणी कुठे ठेवली आहे ते बघा.